मागच्या दाराची बिजागरी

२८ सप्टें., रवि.
खंडेनवमीची खरेदी. इथेच, कामशेत स्टेशनसमोर रशीदभाईंचे हार्डवेअर दुकान. गंज सोडवण्याचा फवारा ते सर्व कामांसाठी म्हणून विकतात. तो उडून जातो, त्यास वंगण म्हणता येत नाही, हे पुन्हा सांगितले. "साहेब, उद्यापासून तुम्हीच बसा गल्ल्यावर."
घेतले: गाडीच्या दारांसाठी पांढरे ग्रीस, काचांच्या रबरासाठी सिलिकॉन, कुलपांसाठी ग्रॅफाइटची पूड, घरच्या बिजागऱ्यांसाठी शिलाई मशीनचे तेल.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
गाडी धुऊन, वंगण देऊन पूजा. आईने हळदकुंकू वाहिले आणि मलाच विचारले, "गाडी कुणाची हो?"
शेवटी घराचे मागचे दार. त्याची करकर वर्षानुवर्षे खटकत होती. कोणीतरी खोबरेल घातलेले, ते चिकटून बसलेले. आईला सांभाळायला भाजे गावाहून येणाऱ्या सखूमावशी म्हणाल्या, "त्येला ऱ्हाऊ द्या, भाऊ. आजी बाहीर निघाल्या की त्येच हाक मारतं मला." आवाज म्हणजे झीज, असे मी त्यांना समजावले. खिळा काढून पुसला, तेलाचे तीन थेंब. आता दार बोटाने ढकलले तरी निःशब्द फिरते. समाधान वाटले.

३ ऑक्टो., शुक्र.
दुपारी आई मागच्या दाराने निघून गेली. मावशी भांडी घासत होत्या. "वाजलंच न्हाई, भाऊ. वाजलं असतं तर मी..." त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.
रशीदभाईंचा फोन आला. आई स्टेशनच्या पायऱ्यांवर पडली होती. "आजी उठायलाच तयार नाहीत. म्हणतात, मुलगा कॉलेजातून यायची वेळ झाली."
उजव्या खुब्याचे हाड मोडले आहे.

५ ऑक्टो., रवि., लोणावळा, रुग्णालय
वय ८४, हृदय कमकुवत. शस्त्रक्रियेत जिवाचा धोका; न केल्यास अंथरूण. निर्णय मी द्यायचा. दोन्ही बाजू कागदावर लिहून पाहिल्या. तिसऱ्या ओळीनंतर...

९ ऑक्टो., गुरु.
शस्त्रक्रिया नको, असे कळवले. आईला घरी आणले. ती पुन्हा उठेल का, यावर डॉ. नुसते "बघू" म्हणतात.
मागच्या दाराला आतून कडी घातली. वरच्या बिजागरीचा खिळा काढून रॉकेलने धुतला आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला. मावशींनी पाहिले.

१२ ऑक्टो., रवि.
खिळ्यावर तांबूस थर धरला आहे. पुसला नाही, तसाच बसवला. चार-पाच वेळा दार हलवल्यावर तीच करकर.
आतून आईचा आवाज, "आलास का रे? हातपाय धुऊन घे."
कॉलेजातून मी याच दाराने येत असे. हे मी विसरलो होतो.
"हो, आलो," म्हणालो. ती पुढे काही बोलेल म्हणून थांबलो. मग दार लावले आणि पुन्हा उघडले.