खुंटीवरचा रेनकोट

ओवाका, २२ सप्टेंबर

प्रिय टेसा,

तू आणि पिपा डनीडनला मजेत असाल. मी बरी आहे. इथे पाऊस आहे. एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग फोडलं आणि पुन्हा लिहायला बसले.

पाऊस कसला, नुसता छळ! खालच्या कुरणात गुडघाभर चिखल झालाय आणि मेंढ्यांना व्यायला हाच मुहूर्त सापडतो. गारठलेली दोन कोकरं शेगडीजवळ खोक्यात ठेवलीत, दिवसभर त्यांच्याशीच बोलते. घरात रेडिओ आहे म्हणा, पण तो नुसता बोलतो, ऐकून घेत नाही. चहाला अजूनही दोन कप काढते आणि एक परत ठेवते. सवय मोडत नाही बघ.

त्या काळ्या तोंडाच्या म्हाताऱ्या मेंढीचं कोकरू मेलेलंच जन्मलं. ती त्याला चाटत पावसात उभी, जागची हलेना. इकडे खोक्यातलं एक पोरकं भुकेनं ओरडतंय. मग काय, नेहमीचाच उपाय. मेलेल्याचं कातडं सोललं, पाय घालायला भोकं ठेवली आणि पोरक्याच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवलं, म्हणजे तिला वास आपल्याच पोराचा. एरवी हे काम लॉकलनचं. या खेपेला मीच केलं. मेंढीनं शेपटीखाली हुंगलं, हलकेच हुंकारली आणि त्याला जवळ घेतलं. मी तिथेच ओल्या गवतात बसून रडले.

कातडं दोन-तीन दिवसांत काढायचं असतं, तुला माहीत आहे. मी काढलं नाही. आज काढू, उद्या काढू. हे आपलं नाही असं तिला कळलं आणि तिनं लाथ मारली तर? शेवटी शेजारचा हेमी कुंपणावरून ओरडला, "अगं नोरीन, नाक गहाण ठेवलंस का? सडलंय ते! त्यापायी जिवंत पोर आजारी पडेल."

"आणि तिनं झिडकारलं तर?"

"इतके दिवस तिचंच दूध पितंय ना ते? आता त्याला तिचाच वास. कातडं तिला नकोय बाई, तुला हवंय."

मेला, तोंडाचा भारी फटकळ. मी बादली उचलली आणि घरात आले.

टेसा, तुझं पत्र जुलैपासून रेडिओखाली पडलंय. 'ब्रॅमशी लग्न करायचं ठरवलंय. शाळेच्या सुट्टीत त्याला घेऊन शेतावर येऊ का? नाही म्हणालात तर येणार नाही, रागावणारही नाही.' मी हो लिहिलं नाही, नाहीही लिहिलं नाही. तू वाट पाहत असशील, हे कळत होतं मला. नुसती पाऊस बघत बसले.

माझं पोर त्या फुगलेल्या ओढ्यात वाहून गेलं, तेव्हापासून लॉकलनचा रेनकोट मागच्या दाराच्या खुंटीवर आहे. सांगायला लाज वाटते, पण मनात एक योजलं होतं. ब्रॅम आला की हाच कोट त्याला घालायला द्यायचा. गस कुत्रा फसून शेपूट हलवत धावेल. मी खिडकीतून बघेन. पाठमोरा लॉकलनसारखा दिसला, तर घेईन चालवून. बिचाऱ्याला काही कळलंही नसतं.

आज सकाळी कातडं कापून काढलं. मेंढी बराच वेळ हुंगत राहिली. माझा जीव मुठीत. पोरानं आपली एक ढुशी दिली आणि लागलं प्यायला, शेपूट हलवत. ती निवांत रवंथ करत उभी. इतके दिवस मीच उगाच धास्तावले होते गं.

घरी येऊन रेनकोट धुतला, शेगडीपुढे वाळवला आणि घडी करून लॉकलनच्या कपाटात ठेवला. तो त्याचाच होता, त्याचाच राहू दे.

तेव्हा या तुम्ही. तिघंही या. पिपाला सांग, आजीच्या कोकराला नाव तिनंच ठेवायचंय. आणि ब्रॅमला म्हणावं, पावसाचा काही भरवसा नाही, स्वतःचा कोट घेऊन ये. टांगायला खुंटी रिकामी केली आहे.

कप चार काढून ठेवते.

लग्नानंतर मला काय म्हणायचं ते तू ठरव. मी मात्र होते तीच,

तुझी सासू,
नोरीन