आवक नोंदवहीतील पहिली ओळ

१ जून, सकाळी ९.१०
रोजनिशी लिहावी इतके माझ्या आयुष्यात काही घडलेले नाही. तरीही हा आगाऊपणा करीत आहे, याबद्दल क्षमस्व. वाचणारे कोणी नसल्यामुळे क्षमा मीच मागितली आणि मीच केली.

निमित्त असे. या ग्रंथालयाच्या कार्यालयात मी दोन वर्षे हंगामी लिपिक आहे. चार वर्षे रिकामे असलेले सहायक ग्रंथपालाचे पद भरण्याची जाहिरात आज लागली. अर्ज इंग्रजीत, ईमेलने. मुदत १५ जून, सायंकाळी पाच. हंगामी माणसांना ३० जूनला नारळ. म्हणजे ही जागा, नाहीतर घर.

आलेले अर्ज छापून आवक नोंदवहीत चढवण्याचे काम माझ्याचकडे. पहिली ओळ मी स्वतःसाठी कोरी सोडली. शाळेत सदैव पहिली आलेल्या मुलीने दुसऱ्या क्रमांकावर का बसावे?
संकल्प: अर्ज उद्याच.

२ जून
अर्ज नाही. पहिल्या वाक्यातच अडले. या भाषेत रिकामपणाला शब्द तरी किती असावेत! एम्प्टी, व्हेकन्ट, ब्लँक, व्हॉइड, हॉलो, अनफिल्ड. पद व्हेकन्ट असते म्हणे. पण शब्दकोशात पाहते तर निर्बुद्ध नजरही व्हेकन्टच! शिसारी आली. असल्या शब्दाने अर्जाचा आरंभ करणे म्हणजे उष्ट्या चमच्याने पाहुण्यांना वाढणे.
संकल्प: प्रत्येक शब्दाला वहीत स्वतंत्र पान.

४ जून
पहिला अर्ज आला. वाचनकक्षात रोज बसणाऱ्या पोनीटेलवाल्या मुलीचा. एकूण तीन वाक्ये, त्यांत चार चुका. कीव आली. क्रमांक दोनवर सुवाच्य अक्षरात चढवला.

६ जून, दुपार
आधीच्या सहायक ग्रंथपालाची खुर्ची आज नीट पाहिली. पाठीला डोक्याच्या तेलाचा काळा, चिकट गोल. टेबलाच्या खणात नखांची कात्रणे आणि अर्धी चघळून परत कागदात गुंडाळलेली खोकल्याची गोळी. या माणसाने पद सोडले. बाकी सर्व येथेच ठेवले.
टायपिस्टबाई म्हणाल्या, पूस आणि बस की गं, चावते का ती खुर्ची? मी म्हणाले, नियुक्तीपूर्वी बसणे उचित नाही. त्या म्हणाल्या, मग स्टुलावरच म्हातारी हो.
भाषा!

८ जून
वहीची अकरा पाने भरली. अर्ज शून्य ओळी.
रात्रीच्या भांड्यांच्या वेळी आईला सांगितले की, आपल्या मराठीचे बरे, एका ‘रिकामा’त सारे भागते. आई म्हणाली, हो का? वही कोरी, बांबू पोकळ, रस्ता मोकळा, घर ओकंबोकं, आणि तू रिकामटेकडी. तो डबा घास आधी.
आईचा अभ्यास पद्धतशीर नाही.

११ जून
आत्याचा फोन. एका मोठ्या कार्यालयाची अधीक्षक म्हणून निवृत्त झाली आहे. म्हणाली, वाचून दाखव अर्ज. मी माझे नाव आणि पत्ता वाचला. पुढे? पुढचे विचाराधीन आहे, म्हटले. ती म्हणाली, अगं बाई, जागा रिकामी आहे हे त्यांना ठाऊक आहे, जाहिरात त्यांनीच दिली ना! तू येतेयस एवढंच कळव.
किती ढोबळ दृष्टी. अधीक्षक कशी झाली कोण जाणे.
आवक: क्रमांक नऊपर्यंत. बहुतेकांनी ‘व्हेकन्ट’च वापरले आहे. बिचारे.

१४ जून
अर्ज जवळजवळ पूर्ण. केवळ एका शब्दाची जागा सोडली आहे. उद्याचा पूर्ण दिवस हाताशी आहे. घाई मला शोभत नाही.

१५ जून, दुपारी ४.५४
आताच घडले ते लिहिते.
हेडक्लार्क लवकर निघायचे म्हणून नोंदवही बंद करायला आले. पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे काय? मी म्हणाले, राखून ठेवली आहे. कोणासाठी? सगळे माना वर करून बघू लागले. टायपिस्टबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या, बोल ना गं, तोंड नाही का?
तोंड होते. आतून चिकटले होते, त्या गोळीसारखे.
मी म्हणाले, चुकून राहिली, साहेब.
त्यांनी पट्टी ठेवून ओळीवर तांबडी रेघ मारली, वर ‘निरंक’ लिहिले आणि मला खाली सही करायला लावली. केली. म्हणाले, अक्षर मात्र छान हो तुमचं.
तरीही सहा मिनिटे शिल्लक आहेत. योग्य शब्दासाठी पुरेशी आहेत.

१५ जून, सायंकाळी ५.५०
तो शब्दच काढून टाकला. उरले ते नेमके आत्याने सांगितले तेवढेच: मी या पदासाठी अर्ज करीत आहे.
पाठवले. माझ्याच संगणकावर टिंग वाजून ते मलाच मिळाले. मुदतीनंतरचे अर्ज नोंदवू नयेत, ही सूचना समोरच्या भिंतीवर आहे. अक्षर माझेच. खरोखर छान आहे.
पाठवल्याची वेळ: १५ जून, सायंकाळी ५ वाजून ४३ मिनिटे.