धुरी, बादली आणि कृष्णाचं नाक

श्री. पुंजाराम व्याहीबुवा, खुलताबाद यांस मुकुंदवाडीहून कारभारीचा हात जोडून रामराम. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? (त्यावर माझ्याकडं एक तेल आहे. पण राहू द्या.) फोन केला की सूनबाई कट करती, म्हणून लिहिणं आलं.

तनुजानं तुम्हाला काय सांगितलं ठाऊक नाय, पण मी नातवाचा वैरी नाय हो! कृष्णाला सर्दी झाली. डॉक्टर म्हणाला, आठ दिवसांत आपोआप जाईल, कोमट पाणी पाजा, बाकी काय करू नका. आता काय करू नका हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? तनुजा कामावर गेली की आमची मनकर्णाबाई नातवाला ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायची. समोरच्या आबेदाभाभींनी जोशांदा उकळून दिला. (युनानी काढा. लई कडू.) चौकातल्या होमिओपॅथीवाल्यानं साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या अन् बजावलं, उग्र वासानं गोळीचा गुण जातो. इथं तर घरभर ओवा! मग गोळी द्यायला मी पोराला गच्चीवर न्यायचो, अन् गच्चीवरचं वारं लागू नये म्हणून गळ्यात ओव्याचीच पुरचुंडी बांधायचो. पोरगं म्हणायचं, आधी आबा. म्हणून प्रत्येक औषध आधी मी घेतलं. कुणाला काय दिलं, काय राहिलं, माझं मलाच कळंना.

सातव्या दिवशी घमेल्यात निखारे घेऊन ओव्याची धुरी केली. धूर जरा जास्तच झाला. भाभींच्या रिझवानला वाटलं आग लागली. त्यानं खिडकीतून गार पाण्याची बादली फेकली, ती नेमकी सर्दीवाल्या पोराच्या अंगावर! अन् तेवढ्यात तनुजा दारात. एक शब्द बोलली नाय हो. पोराला पुसलं, पिशवी भरली अन् तुमच्याकडची गाडी धरली. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

काल विहीणबाईंनी कळवलं, कृष्णाचं नाक मोकळं झालं. आता मनकर्णा म्हणती ओवा लागू पडला, भाभी म्हणतात जोशांदा, गोळीवाला म्हणतो गोळ्या, अन् रिझवान म्हणतो बादली. डॉक्टरचा आठवा दिवसही कालच होता. माझं डोकं चालंना. तेवढं सूनबाईला समजावा, सगळी औषधं फेकून दिली म्हणावं.

आपला,
कारभारी

ता. क. फेकून दिली हे खरं नाय. सर्दी आता मला झालीय, सगळं मीच पितोय. गुण कशाचाच नाय.

ता. क. दुसरा. सूनबाई, व्याहीबुवांना चष्मा लावूनही अक्षर दिसत नाय, म्हणजे पत्र तूच वाचून दाखवणार. हे मोठ्यानं वाचू नको. चुकलो, पोरी. घर खायला उठतंय. परत ये. आल्यावर काय बोलायचं ते बोल, पण बोल.