वास आधी कुणाला आला

१४ नोव्हेंबर

ती. वहिनी,
नमस्कार. दादाचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. प्रयोगशाळेत नवा फ्रीज आलाय. तुमच्या टेबलावर अजून कुणी बसत नाही.

बघा, लगेच इकडचं तिकडचं सुरू झालं माझं. मुद्द्यावर येतो.

जूनमध्ये यीस्टची तीन नंबरची बाटली बिघडली होती, आठवतं ना? गोल पेशी लांबट होऊन, एकमेकींना चिकटून दोऱ्यांसारख्या वाढल्या होत्या. तुम्ही बूच काढून म्हणालात, "भाऊजी, गुलाबाचा वास येतोय! कुणासाठी अत्तर लावून आलात?" मी हसण्यावारी नेलं. सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि ओरडले, "बुरशी शिरली! यीस्टचं खाद्य कुणी उकळलं होतं?"

मी म्हटलं, "वहिनींनी."

खोटं नव्हतं हो ते. पण आदल्या दिवशी ताजं खाद्य कमी पडलं, नवं करायचा मला कंटाळा आला, म्हणून यीस्ट वाढून गेलेल्या जुन्या बाटलीतलं पाणी गाळून मी तीन नंबरमध्ये ओतलं होतं. ते बोललोच नाही. आठवड्याभरात तुम्हाला कामावरून काढलं. घरी तुम्ही दादाला म्हणालात, "माझंच काहीतरी चुकलं असेल." मी समोर बसून जेवत होतो.

बाहेरची बुरशी नव्हतीच, वहिनी. मी पाचदा करून पाहिलं. दाटी झाली आणि खायला कमी पडलं, की यीस्ट स्वतःच एक सुवासिक द्रव्य सोडतं. ते साठलं की त्याच पेशी आकार बदलतात, लांब होऊन अन्नाच्या शोधात पसरतात. जुन्या पाण्यात तेच साठलेलं होतं. तुम्हाला आलेला वास त्याचाच.

यावर माझा लेख छापून येतोय. काल सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि विचारलं, "वास पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला?"

मी म्हणालो, "माझ्या."

चुकून निघालं असं म्हणणार नाही. क्षणभर थांबून, विचार करून म्हणालो. शरम वाटते हो. कालपासून आरशात बघवत नाही.

उद्या सरांना सगळं सांगायचं ठरवलंय. पण मी किती भित्रा आहे ते तुम्ही पाहिलंयच. दारातूनच परत फिरेन. म्हणून हे आधी तुम्हाला पाठवतोय. शुक्रवारपर्यंत सरांचा तुम्हाला फोन आला नाही, तर हे पत्र सरळ त्यांच्या हातात द्या. त्याआधी दादाला वाचून दाखवा. मला तोंडानं सांगवणार नाही.

कागदाच्या पाठीवर पूर्ण नावानिशी सही केली आहे, मागाहून नाकारता येऊ नये म्हणून.

तुम्ही अजून म्हणू द्याल तर, तुमचाच
धाकटा दीर