एलपीच्या पुलाखालचं पार्सल

तीर्थरूप राहीआत्यास, शहाजीचा नेरूळहून साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा, म्हैस आणि काकांचा स्वभाव, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे तेजश्रीचे दिवस भरत आलेत. तिची तब्येत उत्तम आहे, झोप माझी उडाली आहे.

परवा तू तेजश्रीच्या फोनवर 'गोधडी पोचली का' विचारलंस आणि मी 'लई मऊ झालीय' म्हणालो, ते साफ खोटं होतं. गोधडी आलेलीच नाही. (पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.)

हल्ली इथे 'तुमचं पार्सल अडकलंय, लिंक दाबा' असे मेसेज रोज येतात. सारसोळ्याच्या धर्मराजदादांचं खातं अशाच मेसेजने धुऊन निघालं. तेव्हापासून सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी लिफ्टमध्ये नोटीस लावली आहे, की अनोळखी नंबरवरून कुणी पार्सल म्हणाला की फोन ठेवा. अशात, तू ज्याच्याकडे गोधडी दिलीस त्या बसच्या ड्रायव्हरचा फोन. "पार्सल हाय, एलपीच्या पुलाखाली या, गाडी लई वेळ थांबायची न्हाई." (एलपी म्हणजे आमच्या इथला हायवेवरचा बसथांबा.) म्हटलं, याची परीक्षा घेऊ. विचारलं, आमचं कुलदैवत कोणतं? म्हणाला, पालचा खंडोबा. मग विचारलं, लहानपणी मला घरात काय म्हणायचे? "पिपाणी! आवो, तुमच्या आत्यानंच सांगितलंय, या की आता!" आत्या, हे नाव आधार कार्डावरसुद्धा नाही! टोळीकडे एवढी माहिती म्हटल्यावर मी पोलिसांची धमकी दिली आणि नंबर ब्लॉक केला. गाडी गोधडीसकट बोरिवलीकडे गेली. (माझी नावं गाडीवाल्यांना सांगत फिरतेस, यात थोडी चूक तुझीही आहे, पण ते असो.)

आईच्या लुगड्यांची गोधडी पुन्हा शिवता येणार नाही, हे मला कळतं. बाळाचं पहिलं पांघरूण आजीच्या जुनेराचंच हवं म्हणून तेजश्री रोज वाट पाहते. तुझ्याकडून आलीय पण धुवायला टाकलीय, असं मी तिला सांगतो आणि बाथरूममध्ये जाऊन रडतो.

तुझा,
शहाजी

ता. क. खरं काम हे, की स्टँडवर जाऊन त्या ड्रायव्हरला गाठ आणि माझ्या वतीने माफी मागून गोधडी परत मिळव. तेजश्रीला मात्र काही कळू देऊ नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवतानाच मेसेज आला, 'आपले पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे अडकले आहे.' या वेळी मी अजिबात संशय घेतला नाही. लिंक दाबली, विचारलं ते सगळं भरलं, ओटीपीही दिला. त्यांचा माणूस फोनवर तुझ्या ड्रायव्हरपेक्षा कितीतरी गोड बोलला. तेव्हा स्टँडवर जाऊ नकोस, गोधडी उद्या येते. मघापासून बँकेचे मेसेज मात्र एकामागून एक येताहेत. ते खोटेच असणार, म्हणून मी उघडलेले नाहीत.