कारंज्याला पाणी चढेना

पूर्णा, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवकन्यास, अ. उ. आशीर्वाद.

फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि तुझी आई आजारपणापासून बोलत नाही, म्हणून पत्रच बरं. ते मी तिला मोठ्यानं वाचूनही दाखवतो. उजवी बाजू गेल्यापासून काठी टेकत खोलीतल्या खोलीत फिरते, बाकी दिवसभर भिंतीकडे बघत बसते. मला ते बघवत नाही. रेल्वेत सिग्नल बिघडला की दुरुस्त तरी करता यायचा, इथं नुसतं हात चोळत बसायचं.

म्हणून एक उद्योग काढलाय. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ जास्वंदीपाशी ठेवलंय. त्यात छोटासा पंप सोडायचा आणि शेजारी स्टुलावर उन्हाकडे तोंड करून सोलरचं पॅनेल. तेच पाणी वर उडणार, तेच खाली पडणार. तो आवाज ऐकून ती कधीतरी बाहेर येऊन बसेल, एवढीच आशा. शेजारची पंचफुला म्हणाली, नळाला पानी येईना अन् तुमी ते हवेत उडवायलाव का काका. तिला समजावता समजावता दमलो.

जावईबापूंना नमस्कार. म्हाताऱ्याच्या उद्योगांना हस, पण माया पातळ करू नकोस.

तुझे बाबा


नाशिक, ११ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अंगणात पाणी म्हणजे शेवाळ आलंच, आणि त्यावर आईचा पाय पडला तर? डास वेगळेच. तुम्ही बाहेर जाताना दाराला कडी लावत जा, असं मी दिवाळीतच सांगितलं होतं. लावता ना? ती पडली तर उचलायला घरात कोण आहे?

मी इथं वर्गात फळ्यावर लिहीत असते आणि मन तुमच्या उंबऱ्याशी. ह्यांनी खालची खोली रिकामी केली आहे. होळी झाली की दोघांनी इकडेच यायचं, हे आता ठरलंच असं धरा. नाहीतर तुमची काळजी करून करून मीच आजारी पडेन.

बोलणं कडू वाटलं तरी लेक तुमचीच आहे, पोटात घाला.

शिवकन्या


पूर्णा, २२ फेब्रुवारी

चि. सौ. शिवकन्यास अ. उ. आशीर्वाद.

कडी लावतो गं. जास्वंदीच्या पाकळ्या पंपात जाऊ नयेत म्हणून सोमवारी घाईनं जाळी आणायला गेलो, तेवढी एकदाच राहिली. परत आलो तर आई आपल्या जागेवरच होती, तेव्हा रागावू नकोस.

कारंज्याचं मात्र विचारू नकोस. गेल्या शनिवारी चांगलं वीतभर उडालं आणि मंगळवारपासून नुसतं बुडबुडतंय. पंप खोलला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ केला, वायर बदलली, दुकानदाराशी भांडून आलो. आख्खी नोकरी वायरी तपासण्यात गेली आणि हे एवढंसं यंत्र मला दाद देत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशासाठी उठलो तेच आठवत नाही.

नाशिकचं तिला वाचून दाखवलं. तिनं तोंड फिरवलं. मी पुढं वाचलंच नाही.

सगळ्यांनी तब्येती सांभाळा, आमची आठवण असू द्या.

तुझे बाबा


नाशिक, २८ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आईनं तोंड फिरवलं हे वाचलं आणि जेवण गेलं नाही. तिला माझ्याकडे यायचंच नाही का? मी काय तिच्या वाईटावर आहे? हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा एवढं वगळू नका.

तुमच्या जावयांचा निरोप: पॅनेलवर धूळ, पाला, सावली असं काही आहे का ते बघा. थोडासा भाग झाकला तरी पंप मान टाकतो म्हणे.

उत्तराची वाट बघते. उशीर करून जीव टांगणीला लावू नका.

शिवकन्या


पूर्णा, ७ मार्च

चि. सौ. शिवकन्यास अ. उ. आशीर्वाद.

पॅनेलवर धूळ नव्हती, पाला नव्हता. स्वस्तिक होतं, तेलात कालवलेल्या कुंकवाचं, चांगलं जाड, ऐन मधोमध. मला ते त्या मंगळवारपासून दिसत होतं. नवी वस्तू आली की पंचफुला कुंकू लावल्याशिवाय राहत नाही, म्हणून तिचंच समजून चाललो. पूजेचं कुंकू कसं पुसायचं? त्यात बायको आजारी. माझा हात त्याला लागेल का, तूच सांग. बाकी सगळं खोलून पाहिलं, तेवढं सोडून.

तुझं पत्र आल्यावर पंचफुलेला विचारलं. ती म्हणाली, मी न्हाई काका, मी आंगनात आलेच न्हाई. मग चष्मा लावून जवळून पाहिलं. रेघा वाकड्या, डाव्या हातानं ओढल्यासारख्या. मी कडी विसरलो त्या सोमवारी ती एकटी पायऱ्या उतरली, पूजा केली आणि परत येऊन बसली.

मी तिच्यावर ओरडलो, शिवे. पडली असतीस म्हणजे, वगैरे बरंच. तिनं ऐकून घेतलं. मग उठली, काठी टेकत बाहेर गेली, पदराचं टोक ओलं करून कुंकू आपल्याच हातानं पुसलं आणि पॅनेलच्या खालच्या चौकटीवर बोटभर लावलं. पाणी वर आलं. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, कडी लावू नका. शब्द जड होते, पण एकूण एक कळला.

मला वाटत होतं, तिला बाहेर यायची इच्छाच उरली नाही. कडी मीच लावत होतो आणि कारंजंही मीच बांधत होतो.

नाशिकला यायचं का, ते तू तिलाच विचार. तिच्या वतीनं मी आता बोलणार नाही. आज सकाळी कडी न लावता बाजारात गेलो. स्टेशनच्या वळणापर्यंत किती वेळा थांबलो, मलाच माहीत. भाजी घेतली ती निम्मी किडकी निघाली. पण वाटेतून परत फिरलो नाही.

तुम्हा दोघांना आम्हा दोघांचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो दोन्हीकडून राहू दे.

तुझे बाबा