आवळ्यांची चाचणी, सव्वापट वजनाने

ती. ताईस,

दोन्ही गुडघ्यांनी जेवढी परवानगी दिली तेवढं वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस का, की ती रबराची पिशवी अजून कपाटात नवी कोरीच पडली आहे? (उत्तर मला माहीत आहे, पण रीत म्हणून विचारलं.) इकडे सगळे खुशाल आहेत. हे वाक्य मी सवयीने लिहिलेलं नाही, तपासून लिहिलंय. जावईबापूंच्या फोनवरून तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल, मला इस्पितळात नेलं वगैरे. नेलं होतं. परतही आणलं. आता सगळं सविस्तर वाच, कारण फोनवर तू मधेच हसायला लागतेस आणि माझा मुद्दा राहून जातो.

तुझ्या अंगणातल्या आवळ्यांची पेटी पोचली. एकेक आवळा टपोरा, एकही डागी नाही. पेटी उघडली तशी लेक स्वयंपाकघरात आली, एक आवळा उचलून नाकाशी धरला आणि म्हणाली, हा मी आत्ताच खाणार. ताई, गेल्या वर्षी तिचं तिसऱ्या महिन्यात काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर या घरात त्या गोष्टीचं कुणी नाव काढलेलं नाही. या खेपेला दिवस गेल्यापासून तिने आपणहून काही मागितलंच नव्हतं. खा म्हटलं की खायची, पड म्हटलं की पडायची. सहावा सरला तरी बाळासाठी साधं टोपडं घरात येऊ दिलं नाही. (नंतर बघू, म्हणायची. मी आणि जावईबापू, आम्ही दोघं नंदीबैल, हो हो नंतर, म्हणून माना हलवायचो.) आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला जिभेवर काहीतरी हवंसं वाटलं. मी काय केलं असेन? तिच्या हातातून आवळा काढून घेतला.

मला दोष देण्याआधी पेटी वर कशी आली ते ऐक. ती मी लिफ्टमधून आणत होतो. माझ्याबरोबर खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई होत्या आणि समोरचे चष्मेवाले होते. पेटीत काय, कुणासाठी, अशी चौकशी झाली आणि दोघांनीही कपाळाला हात लावला. शिंपीणबाई म्हणाल्या, आवळा थंड, बाळ पोटातच गारठतं. चष्मेवाले म्हणाले, छे, आवळा उष्ण, आईला बाधतो. आवळा थंड की उष्ण, एवढाच काय तो वाद होता. घातक आहे यावर दोघांचं एकमत होतं. शिंपीणबाईंच्या नणंदेच्या जावेला म्हणे काहीतरी झालं होतं. काय झालं होतं ते सांगायच्या आत माझा मजला आला. ताई, अर्धवट ऐकलेल्या गोष्टीसारखी वाईट गोष्ट नाही. उरलेला अर्धा भाग आपलं मन भरून काढतं, आणि माझ्या मनाकडे गेल्या वर्षीचा माल पडूनच होता.

तू म्हणशील, मग डॉक्टरबाईंना विचारायचं. पहिल्या भेटीला मीसुद्धा लेकीबरोबर गेलो होतो, पण त्या इस्पितळातल्या लिफ्टचं दार उंबऱ्याला घासत होतं. ते पाहून तसंच पुढे जाणं माझ्या रक्तात नाही. मी लिफ्टवाल्याला शोधून काढलं, त्याला दाराचा रूळ दाखवला, झोल कुठे आहे ते समजावलं, आणि वर पोचलो तेव्हा लेक आणि जावईबापू तपासणी आटोपून बाहेर येत होते. त्यामुळे काय बोलणं झालं ते मला कळलंच नाही. (दार आता घासत नाही. जाऊन बघ.)

मी उभी हयात लिफ्ट तपासण्यात काढली आणि माझी एक पद्धत आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. मग रिकामी फेरी. मग पूर्ण वजनाची. मग सव्वापट वजन घालून एक फेरी, आणि त्या फेरीला मी स्वतः आत उभा. हे शेवटचं नियमात नव्हतं, साहेब ओरडायचे, पण ज्यात मी चढत नाही त्यात लोकांच्या बायकापोरांना चढवायचं नाही, असं माझं म्हणणं. तेव्हा लेकीला सांगितलं की आवळ्यांची आधी चाचणी होईल, ती पास झाली की मग तू. ती शहाण्यासारखी बरं म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. माझ्या पोरीने इतक्या शहाण्यासारखं बरं म्हटलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ती दोघं कामाला गेल्यावर मी चाचणीला बसलो. निकालात भेसळ नको म्हणून सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. फक्त मधुमेहाची गोळी घेतली होती, कारण औषधाच्या बाबतीत मी शिस्तीचा माणूस आहे. पहिला आवळा दातांनी पास केला नाही. (माझे दात, त्यात आवळ्याचा दोष नाही.) म्हणून उरलेल्या चाचणीसाठी मिक्सरमधून रस काढला. गरोदर बाईला डोहाळे लागले तर ती जास्तीत जास्त किती खाईल याचा अंदाज बांधला, त्यात सव्वापटीचा हिशेब धरला आणि पेले ओळीने मांडून एकेक करत रिकामे केले. सुरुवातीला काही नाही. मग छातीत चुलाण पेटलं. मग पोटात खळबळ झाली. इथवर मी सगळं मनात टिपत होतो. पुढे घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरच्या खिडकीच्या आधी दोन झाल्या आणि मग एकही राहिली नाही. मी भिंतीला टेकत खाली बसलो.

लेक जेवायच्या सुट्टीत विसरलेला डबा न्यायला घरी आली म्हणून बरं. मला तसं पाहून ती दारातून धावत आली. सातव्या महिन्यात, ताई, ओल्या फरशीवरून धावत. रस मीच सांडला होता. माझं काय व्हायचं ते होवो, पण तिचा पाय घसरला असता तर? ते आठवलं की अजून मला घास गिळवत नाही. तिने जावईबापूंना फोन करून घरी बोलावलं, रुग्णवाहिका मागवली, माझ्या तोंडात साखर कोंबली. रुग्णवाहिकेची माणसं मला स्ट्रेचरवरून लिफ्टमध्ये घालायला लागली तेव्हा मला थोडी शुद्ध आली आणि मी पाटीवरचं वजन वाचून माणसं मोजली. एक माणूस जास्त होता. मी जावईबापूंना जिन्याने उतरायला लावलं. बिचारे उतरले. असा जावई मिळायला भाग्य लागतं.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं. मी म्हटलं, आवळ्याचा रस. किती? सांगितलं. कशासाठी? मी म्हटलं, मुलगी गरोदर आहे म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत विजेरी मारून बघितली. निदान साधं होतं. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी, वर पेलेच्या पेले आंबट रस. साखर घसरली आणि पोट पेटलं. सलाइन लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण पलीकडे लेक पोटावर हात ठेवून बसली होती. तिचा चेहरा गेल्या वर्षीसारखा दिसत होता. तेव्हा मी माझ्या पोटाचं विसरलो आणि त्या डॉक्टरला म्हटलं, मला राहू द्या, आधी हिला बघा.

तिच्या डॉक्टरबाई वरच्या मजल्यावरून आल्या. (लिफ्टने आल्या. दाराचा आवाज आला नाही, मी ऐकत होतो.) मधे पडदा ओढला. मी पलीकडच्या खाटेवर सलाइन घेऊन पडलेला, आणि यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज आला. ताई, मी जन्मभर लिफ्टच्या मोटारी कानांनी तपासल्या आहेत. कुठे अडखळतंय, कुठे दम लागतोय, हे मला लगेच कळतं. हा आवाज भरधाव होता, एकसारखा, कुठेही न अडकणारा. मी पडद्याआडून म्हटलं, "पास." लेक हसली. त्या हसण्याचा आवाज मी वर्षभराने ऐकला, आणि मला रडू आलं. सलाइनच्या हाताने डोळे पुसता येत नाहीत, तेव्हा तसाच पडून राहिलो.

बाईंनी मग पडदा सारून माझी शिकवणी घेतली. धुतलेला एखाददुसरा आवळा जेवणानंतर खाल्ला तर तिला चालतो, चांगलाच आहे. मिठात घोळवून ढीगभर खायचा नाही, पाकातला जपून खायचा, बाटलीतला रस आणि चूर्ण-गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि जळजळ झाली किंवा पोट बिघडलं तर थांबायचं. साखरेची किंवा रक्त पातळ ठेवायची औषधं ज्याला चालू असतील त्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून बोलल्या. आणि म्हणाल्या, हे सगळं मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

"लिफ्टमध्ये," लेक म्हणाली.

आणि मग कळलं की ती पहिल्या भेटीपासून रोज एक आवळा ऑफिसात जेवण झाल्यावर खातेय. टेबलाच्या खणात पिशवी आहे. तुझे आवळे घरी खायचे होते, कारण ते तुझ्या झाडाचे, एवढंच. मी जिवावर उदार होऊन जिची चाचणी केली ती गाडी कधीचीच सुरळीत धावत होती. मला राग यायला हवा होता. पण इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. घरी आल्यावर तिने माझ्यासमोर तुझा एक आवळा खाल्ला, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, बाबा, पाणी किती गोड लागतं. मीही नुसतं पाणी प्यायलो. माझ्या वाट्याला आता तेवढंच आहे.

तुझा धाकटा,
सध्या मऊ भातावर

ता.क. पेटी संपली. निम्मी चाचणीत गेली, उरलेली लेकीने शिंपीणबाईंना आणि चष्मेवाल्यांना वाटून टाकली. दोघांनीही आनंदाने नेली. पुन्हा पाठव.

ता.क. आवळा देऊन कोहळा काढतात. मी तुझे आवळे खाऊन वर कोहळाच मागतोय. बाळंतपणाला तू ये. तिची आई असती तर तुला त्रास दिला नसता. सगळं ठीक आहे असं बाई म्हणतात, ठोके मीही ऐकले. पण ताई, आजवर प्रत्येक फेरीला आधी मी आत उभा राहिलो, आणि या फेरीला मला आत जाता येणार नाही. दाराबाहेर एकट्याने थांबायची मला सवय नाही. हे लेकीला कळू देऊ नकोस.

ता.क. आत्या, मी लिहितेय. पाकिटावर पत्ता घालायला बाबांनी पत्र माझ्याकडेच दिलं. तू नक्की ये, मला डॉक्टर आहेत, बाबांना कुणीतरी हवं. थोडे आवळे आण, आणि एक टोपडं विणून आण, कुठल्याही रंगाचं. फक्त ते बाबांच्या हाती देऊ नकोस, आधी स्वतःच्या डोक्यावर घालून बघतील.